गाडीखालून आवाज येतो म्हणून लगेच ट्रान्सफर उघडू नका

घाटंजीकडच्या एका शेतकरी भाऊंनी विचारलंय. दोन महिन्यांआधी त्यांनी सेकंड हँड फोर बाय फोर एसयूव्ही घेतली, डिझेल, नॉब फिरवून टू-एच (फक्त मागच्या चाकांना ताकद), फोर-एच (चारही चाकांना), फोर-एल (चारही चाकांना, हळू पण जोरात) होते ती, दीड लाख किलोमीटरच्या वर चाललेली. आता ५०-६० च्या स्पीडला खालून घूंऽऽ असा आवाज येऊन राहिला, पहिला गिअर टाकून क्लच सोडला की ठक्क, रिव्हर्सला टाकली की परत ठक्क, आणि शेतातून फोर बाय फोरमध्ये निघून डांबरी रस्त्याला लागले की वळणावर गाडी अडखळते, मागून कोणी धरून ठेवल्यासारखी, नॉब टू-एचवर आणला तरी फोर बाय फोरची लाईट विझत नाही. शहरातल्या मेकॅनिकनं गाडी जॅकवर न घेताच सांगितलं की ट्रान्सफर केस गेली, साठ हजार धरून चाला. भाऊ विचारतात, करू का?

नका करू. निदान आत्ता तरी नका करू. तुम्ही चार तक्रारी सांगितल्या आणि त्यानं चारहींना मिळून एकच नाव दिलं, तिथंच माझी शंका आहे. घूं आवाज, ठक्क आणि वळणावरचं अडखळणं ही तीन वेगळ्या ठिकाणची दुखणी असू शकतात, आणि तिन्हीत ट्रान्सफरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. मी २६ वर्षं हेच काम करून राहिलो, आधी ट्रॅक्टर आणि जुन्या जीपा, मग टिपेश्वर-ताडोबाकडच्या सफारीच्या गाड्या, आता जास्त करून शेतकऱ्यांच्या आणि ठेकेदारांच्या फोर बाय फोर. ट्रान्सफर खरोखर खराब निघालेल्या गाड्या कमी, आणि ट्रान्सफर उगाच उघडलेल्या गाड्या लय पाहिल्या. त्यातली एक मीच उघडली होती, ते पुढं सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच की गिअरबॉक्सच्या मागं जो दुसरा डबा असतो तो ट्रान्सफर केस. गिअरबॉक्समधून आलेली ताकद तो मागच्या शाफ्टला, म्हणजे मागच्या चाकांकडं जाणाऱ्या फिरत्या दांड्याला, देतो आणि फोर बाय फोर लावलं की पुढच्या शाफ्टलाही देतो. फोर-एलमध्ये आतले छोटे गिअर लागतात आणि गाडी साधारण अडीच पट हळू पण तेवढीच जोरदार होते. नॉबवाल्या बहुतेक गाड्यांत पुढचा शाफ्ट आतल्या रुंद दातेरी चेननं फिरतो. जिप्सीसारख्या गाडीत चेन नाही, सगळे गिअरच, आणि तिचा ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेलाही नसते, मधात एक छोटा शाफ्ट असते. म्हणून जिप्सीवाल्यानं सांगितलेला इलाज तुमच्या गाडीला लागेलच असं नाही, आणि उलटंही तसंच.

आता आवाजाचं. आवाज कुठून येतो हे गाडीत बसून कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. चेसिस म्हणजे लोखंडी नळी आहे, पुढच्या चाकाचा आवाज सीटखाली ऐकू येते आणि मागच्या हौसिंगचा, म्हणजे मागच्या एक्सेलच्या मधल्या गिअरच्या डब्याचा, आवाज गिअरच्या दांड्यातून येते. म्हणून गिऱ्हाईक "भाऊ, आवाज त इथूनच येते नं" म्हणत सीटखाली बोट दाखवते तेव्हा मी मान डोलावतो पण लिहून घेत नाही. मी विचारतो आवाज कधी येते. स्पीडसोबत वाढते की इंजिनच्या रेससोबत? एक्सलेटर दिल्यावर येते की सोडल्यावर? सरळ चालताना येते की वळताना? गाडी गरम झाल्यावर की सकाळी निघाल्या निघाल्या? ह्या चार प्रश्नांत अर्धं काम होते.

पहिला प्रश्न असा तपासा. हायवेवर रस्ता मोकळा पाहून गाडी ६० ला न्या, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी तशीच वाहू द्या, चाबी मात्र बंद करू नका, स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. इंजिन आयडलवर आलं तरी घूं तसाच चालू राहिला आणि स्पीड उतरेल तसा उतरला, तर क्लच, इंजिन आणि गिअरबॉक्सचा पुढचा भाग शंकेतून सुटले. राहिले टायर, चाकाचे बेअरिंग, हौसिंग, शाफ्ट आणि ट्रान्सफरचा मागचा भाग. नंतर थांबलेल्या गाडीत न्यूट्रलमध्येच रेस द्या, तिथं आवाज आला तर मामला वेगळा, हे सगळं लिहिलेलं त्याला लागू नाही.

मग टायर. हसू नका राजेहो. मागं एका गुरुजींची जीप आली होती, ५५-६० ला असाच घूं. मी पेचकस कानाला लावून ऐकलं, ट्रान्सफरवर आवाज मोठा लागला, म्हणून छाती ठोकून सांगितलं की ट्रान्सफरचे बेअरिंग गेले. उतरवला, बेअरिंग नवे, सील नवे, चेन चांगली होती तरी कशाला रिस्क घ्या म्हणून तीही नवी, तीन दिवस गाडी उभी. चालवून पाहिली तर घूं जिथल्या तिथं. चौथ्या दिवशी दुसऱ्या गाडीचे चार टायर काढून तिच्यावर घातले आणि आवाज गायब. टायरचे गोटे, म्हणजे वरचे रबरी उंचवटे, एका बाजूनं खाल्ले गेले होते, हात एकीकडून फिरवला तर गुळगुळीत, उलटीकडून फिरवला तर करवतीसारखे. मजुरी परत केली, चेनचे पैसे माझ्या खिशातून गेले, आणि गुरुजी एका शब्दानं बोलले नाहीत त्याची लाज अजून आहे. तेव्हापासून माझ्याकडं घूं म्हणून गाडी आली की आधी चारही टायरवर दोन्हीकडून हात फिरवतो.

टायरच्या आवाजाची एक खूण अशी की रस्ता बदलला की तो बदलते. खडबडीत डांबरावरून हायवेच्या गुळगुळीत पट्ट्यावर आलं की आवाजाची पट्टी एकदम बदलली किंवा आवाज दबला, तर टायर. बेअरिंगला आणि क्राऊन-पिनियनला, म्हणजे हौसिंगमधल्या दोन गिअरांना, रस्त्याशी घेणं-देणं नाही, त्यांचा आवाज सिमेंटवरही तोच आणि मुरमावरही तोच. आणि पावसाळ्यात अजून एक गोष्ट, काळी माती. पांधणीतून, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेतून, आलेली गाडी, रिमच्या आतल्या बाजूला दोन-दोन किलो माती चिकटून वाळलेली असते आणि माणूस बॅलन्सिंगवाल्याकडं, शाफ्टवाल्याकडं फिरत राहते. आधी पाइप लावून रिम आतून धुवा.

टायर ठीक निघाले की चाकाचे बेअरिंग. ४०-५० ला मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हलकंच डावीकडं तोडा, मग उजवीकडं, नागमोडी. डावीकडं तोडलं की वजन उजव्या चाकांवर येते, तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बाजूचं बेअरिंग, उजवीकडं तोडताना वाढला तर डाव्या बाजूचं. दर वेळी इतकं सोपं होत नाही, पण दहातून सात-आठ वेळा हे बरोबर निघते. मग ते चाक उचलून वरून-खालून दोन हातांनी धरून हलवा. चाल, म्हणजे ढील, वाटली तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर चाल गायब झाली तर बेअरिंग, तरीही हलत राहिलं तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. आडवं धरून हलवल्यावरच चाल असेल तर ती स्टेअरिंगच्या टाय रॉडची, आवाजाशी तिचा संबंध नाही.

उचलण्याचं सांगतो तर हेही सांगतोच, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. लोखंडी घोडी लावा. वावरात किंवा अंगणात काळ्या जमिनीवर जॅक लावला की तो हळूहळू रुतते, खाली लाकडी पाटी पाहिजे. आणि विटांवर गाडी ठेवू नका, वीट फुटायच्या आधी आवाज देत नाही.

हौसिंगचा आवाज घूं पेक्षा जास्त करून कूंऽऽ असा बारीक असते आणि तो एक्सलेटरला बांधलेला असते. ५०-६० ला एक्सलेटर दाबलं की येते आणि सोडलं की बंद, किंवा उलट, सोडल्यावरच येते, किंवा मधात एका ठिकाणी पाय अलगद धरला की नाहीसा होते. असं असेल तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचे बेअरिंग. इथं मागच्या मालकाला फोन करून एक विचारा, पिनियनचं ऑइल सील कधी बदललं होतं का. सील बदलताना पुढचं मोठं नट काढावं लागते आणि बऱ्याच गाड्यांत त्या नटाच्या टाइटवर आतल्या बेअरिंगचा दाब ठरलेला असते. कोणी मोठा पाइप लावून "आता कधी सुटत नाही" म्हणत ते आवळलं की महिन्याभरात हौसिंग गाऊ लागते. सील फार महाग नसते हो, पण ते बसवणारा माहितीचा पाहिजे.

आता तुमची ठक्क. हिच्यात तुम्ही स्वतः अर्धं काम करू शकता कारण ट्रॅक्टरकडून रोटाव्हेटर फिरवणारा पीटीओ शाफ्ट तुम्ही शंभरदा पाहिला असेल, त्यातला क्रॉस, म्हणजे शाफ्टचा वाकणारा जोड, आणि गाडीच्या शाफ्टमधला क्रॉस एकाच जातीचे. चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, पहिला गिअर. खाली जाऊन मागचा शाफ्ट दोन्ही हातांनी डावीकडं-उजवीकडं फिरवून पाहा. थोडा फिरेल, ते चालते, कारण गिअरबॉक्स, ट्रान्सफर, हौसिंग सगळ्यांची थोडी-थोडी ढील मिळून तिथं जमा होते. नजर क्रॉसवर ठेवा. क्रॉसच्या दोन्हीकडचे योक, म्हणजे त्याला धरणारे काटे, एकदम हलले पाहिजेत. एक आधी हलून दुसरा नंतर हलला तर तो क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकावरच्या टोपीच्या बाजूला तांबूस गंजाची भुकटी दिसली तरी गेला, हातानं ढील लागो न लागो. पुढच्या शाफ्टचे क्रॉसही बघा, टू-एचमध्ये चालवणारे त्यांच्याकडं वर्षानुवर्षं पाहत नाहीत, आणि बऱ्याच गाड्यांत टू-एचमध्येही पुढचा शाफ्ट रिकामा फिरत असते.

ग्रीस निप्पलवाला क्रॉस असेल तर ग्रीस गन लावा आणि चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. तीन टोप्यांतून आलं आणि चौथीतून नाही, तर चौथी कोरडी चालून राहिली, तिचे रोलर सुई-सुई होऊन तुटतील. हळू गाडी चालवताना चिमणीसारखं चिर-चिर येत असेल आणि पाऊस लागला की बंद होत असेल तर हाच कोरडा क्रॉस. सगळ्यात फसवा मात्र सरकता जोड, शाफ्टच्या मधातलं स्प्लाइन, म्हणजे एकात एक सरकणारे दाते. ते कोरडं पडलं की गाडी थांबता-थांबता किंवा निघताना अडकून सुटते आणि मोठा ठक्क देते, ऐकणाऱ्याला वाटते गिअरबॉक्सच फुटला. पुसून, ग्रीस भरून बघा, कित्येकदा तेवढ्यातच निभते.

पण शाफ्ट सोडायच्या आधी खडूनं किंवा पंचनं दोन्ही भागांवर खूण करा. स्प्लाइन एक दाताही इकडचा तिकडं बसला की दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि मग आजपर्यंत नसलेली थरथर नव्यानं सुरू होते. बऱ्याच गाड्या माझ्याकडं ह्याच कारणानं येतात, क्रॉस नवा आणि शाफ्ट वाकडा बसवलेला. थरथर चाकाची की शाफ्टची हे ओळखायला थोडा हिशेब लावा. २३५/७० आर १६ टायर एका फेऱ्यात साधारण २.३ मीटर चालते, म्हणजे ६० च्या स्पीडला चाक मिनिटाला ४३० च्या आसपास फेरे मारते. हौसिंगमध्ये क्राऊन ४३ दात्यांचा आणि पिनियन १० चा असला तर शाफ्ट चाकाच्या ४.३ पट फिरते, म्हणजे साडेअठराशेच्या जवळपास. म्हणून चाकाची थरथर हळू आणि मोठी असते, स्टेअरिंग किंवा सीट डोलते, आणि शाफ्टची बारीक असते, पायाखालच्या पत्र्याला मुंग्या आल्यासारखी, आरशातलं चित्र अंधुक होते. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगचं रबर पाहा, ते फाटलं की निघताना शाफ्ट उड्या मारते. इंजिनचे आणि ट्रान्सफरचे रबर माउंटिंगही पाहून घ्या, त्यांचीही ठक्क येते. कोणी तरी पहिला-रिव्हर्स करावं आणि दुसऱ्यानं बाजूला उभं राहून गिअरबॉक्स किती उडते ते पाहावं, पुढं-मागं नाही बरं, बाजूला.

वळणावर अडखळायचं आणि लाईट न विझायचं जे तुम्ही सांगितलं, त्याला मी बिघाडच मानत नाही, सवय म्हणतो. तुमच्या जातीच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकाला लोखंडानं बांधला जाते, मधात दोन्हीकडच्या फेऱ्यांतला फरक सांभाळणारं डिफरन्शियल नसते. वळताना पुढची चाकं मोठ्या गोलातून जातात, मागची लहान गोलातून, म्हणजे पुढच्यांना जास्त चालावं लागते. चिखलात, मुरमात, वाळूत टायर थोडा घसरून हा फरक काढून टाकते. कोरड्या डांबरावर घसरत नाही, आणि मग तो फरक शाफ्टमध्ये, चेनमध्ये, क्रॉसमध्ये पिळा होऊन बसते. बंडीला एक बैल लांब पाय टाकणारा आणि एक आखूड पाय टाकणारा जुंपला की जू कसं तिरपं ओढते, तसं. त्या पिळ्यामुळं दोन्ही शाफ्ट जोडणारा आतला स्लीव्ह दातांत दाबून बसते, तुम्ही नॉब फिरवला, मोटरनं जोर लावला, तरी तो सुटत नाही, म्हणून लाईट विझत नाही. इलाज फुकटचा आहे, स्टेअरिंग सरळ करून १०-१५ फूट सावकाश मागं घ्या, परत थोडं पुढं, आतून टक् असं ऐकू येईल आणि सुटेल. ज्या गाड्यांत ऑटो लॉकिंग हब आहेत, म्हणजे पुढची चाकं एक्सेलला आपोआप जोडणारे, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे हब तर मागं घेतल्याशिवाय सुटतही नाहीत. ह्यापुढं पांधण संपली, डांबर लागायच्या आधीच नॉब टू-एचला. ज्यांच्या गाडीत मधलं डिफरन्शियल असून फोर बाय फोर कायम लागलेलं असते त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या, ती जात वेगळी.

पण सरळ चालतानाही पिळा पडत असेल तर टायर मोजा. सेकंड हँड गाडी आहे, पुढं दोन नवे आणि मागं दोन घासलेले असं असेल. नव्याचा गोटा आठ मिलिमीटरचा आणि जुन्याचा तीनचा राहिला असला तर घेरात तीन सेंटिमीटरचा फरक पडते, म्हणजे किलोमीटरला चाकाचे सहा फेरे जास्त आणि शाफ्टवर पंचवीसच्या वर. सरळ रस्त्यावरही दर किलोमीटरला पंचवीस फेऱ्यांचा पिळा! एका गाडीत तर पुढं एका साइजचे आणि मागं दुसऱ्या साइजचे टायर पाहिले, मालक म्हणे दिसायला रुबाबदार दिसते.

मागं-पुढं करूनही लाईट विझत नाही किंवा टिमटिमत राहते, तर आधी वायरिंग. ट्रान्सफरवर एक छोटी मोटर असते, तिच्यातच नॉब कुठं आहे हे सांगणारा सेन्सर, आणि तिचा प्लग नेमका तिथं जिथं चिखलाचा मारा सगळ्यात जास्त. प्लग काढा, आत हिरवट झालं असेल तर स्प्रेनं साफ करा, पिना सरळ आहेत पाहा, चेसिसवरचा अर्थ घासा, फ्यूज पाहा, बॅटरी कमजोर असली तरी मोटर अर्ध्यातच थांबते. इग्निशन चालू करून कोणी नॉब फिरवला की खालून मोटरचा घर्रर्र ऐकू आला पाहिजे. ऐकू आला आणि गिअर लागला नाही तर आतलं काम, ऐकूच आला नाही तर बाहेरचं. आणि उंदीर! कापूस घरात भरला की उंदीर आले, आणि उंदरांना गाडीच्या खालची गरम जागा आवडते. मी एका गाडीत महिनाभर कंट्रोल युनिटवर शंका घेतलेली पाहिली, कुरतडलेली वायर चार बोटं लांब होती. फोर-एलसाठी बहुतेक गाड्यांत गाडी पूर्ण थांबलेली आणि क्लच दाबलेला किंवा न्यूट्रल पाहिजे, चालता-चालता नॉब फोर-एलवर नेऊन "लागत नाही" म्हणणारे पण येतात.

ऑइलवर थोडं जास्त बोलतो कारण आपल्याकडं ट्रान्सफर मरते ती ऑइलनंच. ह्या डब्यात जेमतेम दीड लिटरच्या आत-बाहेर ऑइल मावते, म्हणजे सीलमधून अर्धा लिटर गळलं तरी तिसरा हिस्सा गेला. आणि कोणतं ऑइल हे पुस्तकात पाहा, अंदाज नको. चेनवाल्या बऱ्याच ट्रान्सफरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं पातळ लाल ऑइल लागते, आत छोटा पंप आणि बारीक जाळी असते. तिथं "गिअर आहे म्हणजे ९० नंबर" म्हणून घट्ट ऑइल ओतलं की थंडीत सकाळी गिअर लागायला कुरकुर करते आणि वरच्या बेअरिंगला ऑइल उशिरा पोचते. उलट गिअरवाल्या ट्रान्सफरमध्ये घट्टच पाहिजे, तिथं लाल पातळ ओतलं तर दात घासतात. हौसिंगमध्ये ८० डब्ल्यू ९०, जीएल-५, हे जवळपास सगळीकडं चालते.

नाल्यातून गाडी काढता का तुम्ही? काढतच असाल. २० किलोमीटर चालून गरम झालेलं हौसिंग थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. वर ब्रीदर म्हणून छोटी नळी असते ती मोकळी असली तर हवा येते, मातीनं बुजली असली तर सीलमधून पाणी येते. हेच उलटंही होते, ब्रीदर बुजला की गरम झाल्यावर दाब वाढून ऑइल सीलबाहेर फेकलं जाते आणि लोक सीलमागून सील बदलत बसतात. पऱ्हाटीच्या काड्या आणि खताच्या पोत्याची सुतळी पिनियनजवळ शाफ्टला गुंडाळून सील कापतात, तेही चाकूनं काढून पाहा. दसकटांनी पुढच्या एक्सेलचे रबरी बूट फाटतात, त्यातून ग्रीस उडालं की पूर्ण स्टेअरिंग तोडून वळताना कट-कट-कट सुरू होते, तो सीव्ही जॉइंट, ट्रान्सफर नाही.

मग खराब ट्रान्सफर ओळखायचा कसा? त्याचा आवाज नॉबसोबत बदलते. टू-एचला शांत, फोर-एचला खरखर. चिखलात जोर लावला की कड्-कड्-कड् आणि गाडी झटके देते, म्हणजे चेन लांबली आणि दात सोडून राहिली. जोर सोडला की फोर-एलमधून आपोआप निसटते, म्हणजे आतला गिअर सरकवणारा फोर्क घासला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर लोखंडाचे कपटे. प्लगवर राखेसारखा मऊ लेप असतेच, त्याला घाबरायचं नाही, बोटात टोचणारं काही लागलं तर घाबरायचं.

शंका उरलीच तर पुढचा शाफ्ट दोन्हीकडून खोला, बांधून ठेवा आणि टू-एचमध्येच चालवा. आवाज गेला तर पुढचा शाफ्ट किंवा पुढचं हौसिंग. आवाज राहिला तर बहुतेक मागची बाजू. पुढच्या शाफ्टचं टोक ट्रान्सफरमध्ये नुसतं सरकवलेलं असेल, बोल्टचा फ्लँज नसेल, तर हे करू नका, ऑइल सांडेल. नॉबऐवजी ट्रान्सफरचा दांडा असलेल्या गाडीत अजून सोपं आहे, ट्रान्सफर न्यूट्रलला टाका, सपाट जागा, चाकांना दगड, कारण ट्रान्सफर न्यूट्रल असताना गिअर टाकलेला असला तरी गाडी घरंगळते. मग उभ्या गाडीत एकेक गिअर टाकून ऐका. आवाज आला तर गिअरबॉक्स नाहीतर ट्रान्सफरचा पुढचा बेअरिंग, नाही आला तर त्याच्यानंतर, शाफ्टपासून चाकांपर्यंत शोधा. नॉबवाल्या बहुतेक गाड्यांत हे न्यूट्रल देतच नाहीत, त्यामुळं तुमच्या कामाचं नसेल. एक मात्र कधीच करू नका, फोर-एच लावून फक्त मागची चाकं उचलून इंजिनवर फिरवू नका, पुढची चाकं जमिनीवर आहेत, गाडी घोडीवरून उडी मारते.

तुमच्या जागी मी असतो तर रविवारी सकाळी रिम धुतले असते, टायरवर हात फिरवला असता, चारही टायरचे गोटे पट्टीनं मोजले असते, क्रॉस आणि स्प्लाइनला ग्रीस मारलं असतं, मोटरचा प्लग साफ केला असता, हायवेवर नागमोडी चालवून पाहिली असती. माझा अंदाज विचाराल तर घूं टायरचा नाहीतर एखाद्या चाकाच्या बेअरिंगचा, ठक्क मागच्या क्रॉसची नाहीतर स्प्लाइनची, आणि अडखळणं डांबरावरच्या फोर-एचचं. पाहिल्याशिवाय खात्री देत नाही.

संध्याकाळी, गाडी चालवून आल्यावर ऑइल कोमट असतानाच, ट्रान्सफरचं ऑइल पाहा. आधी वरचा फिलर प्लग खोला, मग खालचा ड्रेन. उलटं केलं आणि वरचा जाम निघाला तर रिकामी ट्रान्सफर घेऊन अंगणात बसावं लागेल, भरता येत नाही आणि गाडी नेताही येत नाही. वरच्या भोकात करंगळी घाला, भोकाच्या काठाला ऑइल लागलं पाहिजे. खालचं वाटीत घ्या. लाल किंवा मधासारखं असेल तर चांगलं, काळं आणि जळकट वासाचं असेल तर बदला आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत पाहा, दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी गेलं, सील आणि ब्रीदर आधी. ते वाटीतलं ऑइल आणि प्लगचं चुंबक, दोन्हीचा उजेडात फोटो काढून पाठवा, मग साठ हजाराचं बोलू.